कोरड्या पठारावरचे ॲगेव्ह समुद्रकाठी आणलेत, यातलं काय टिकेल?

कुंडीवाली

नमस्कार मंडळी. बदलीमुळे घर हललं आणि घराबरोबर माझ्या ॲगेव्हच्या, म्हणजे घायपातीच्या जातकुळीतल्या जाड पानांच्या झाडांच्या, कुंड्याही हलल्या. आधी राहायचो ते कोरडं पठार. पाऊस बेताचा, वारा भरपूर, थंडीत पहाटे पारा सहा-सात अंशांवर. आता अगदी समुद्रकाठ. पाऊस चार महिने ठाण मांडून बसतो, वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटर. थंडी नावापुरती, १८ अंशांच्या खाली काही जात नाही. दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात, तर कुंडीतली माती कधी वाळायची?

माझ्याकडे काय काय आहे ते सांगते. ॲगेव्हच्या जाती अशा: व्हिक्टोरिया-रेजिनी एक, चांगली भरलेली, घट्ट चेंडू. पॅरी एक. पिवळ्या पट्ट्यांची घायपात म्हणजे अमेरिकाना, तिची पिल्लं मोजायची सोय नाही. ॲटेन्युएटा दोन, ब्रॅक्टिओसा एक, शिवाय ॲगेव्हचे भाऊबंद, फुरक्रिया आणि एक युक्का. सगळी गच्चीवर. गच्चीचा साधारण तिसरा हिस्सा पत्र्याखाली आहे, बाकी उघडी.

पाऊस सुरू झाला आणि रडगाणं सुरू झालं. व्हिक्टोरियाचं खालच्या ओळीतलं एक पान आधी फिकट पडलं, मग पाणीदार झालं. हलकेच ओढलं तर बुडासकट हातात आलं. बुडाशी तपकिरी चिकटा आणि आंबूस वास. पॅरीच्या पानांवर काळपट खोलगट डाग आलेत, गोलात गोल असे, आणि मधे नारिंगी ठिपके दिसतात. घायपात वाढतेय, पण पानं लांबुडकी आणि लुळी, पट्टे फिके. ॲटेन्युएटा मात्र मजेत आहे, नवी पानं टाकते आहे. ती नाजूक म्हणून मी तिची सगळ्यात जास्त काळजी करत होते!

माती म्हणाल तर निम्मी बागेची, उरलेल्यात कोकोपीट आणि वाळू, तळाला खड्यांचा जाड थर. पाणी मी पाऊस लागल्यापासून घातलेलंच नाही.

मला न उलगडलेलं कोडं असं की पॅरी उणे वीस अंशांची थंडी सोसते असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मग ती पावसाच्या चार सरींनी का हरावी? सगळ्यांवर पत्रा घालू, की किनाऱ्यावर ॲगेव्हचा नाद सोडून देऊ?

---

काटेकोर

व्हिक्टोरिया आत्ताच्या आत्ता कुंडीतून काढा. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचा.

काढलीत? आता मुळांची माती झटकून टाका आणि बूड अंगठ्याने दाबून बघा. टणक लागलं तर आशा आहे. खालची सडलेली पानं एकेक सोलून काढा. धारदार सुरी स्पिरिटने पुसून घ्या आणि बुडाचा तपकिरी भाग चकत्या काढत कापत जा, थेट पांढरी, कोरडी, निरोगी चकती दिसेपर्यंत. प्रत्येक कापाआधी सुरी पुन्हा पुसायची. एक तपकिरी ठिपकादेखील शिल्लक ठेवू नका, गाभ्यात सड तिथूनच परत चढते. कापलेल्या जागी गंधकाची भुकटी चोळा आणि झाड सावलीत, वाऱ्यावर, उलटं ठेवून द्या. दमट हवेत खपली धरायला दोन आठवडे सहज लागतात, घाई नको. तोवर ते मरत नाही. ॲगेव्हचं खोड महिनाभर बिनमुळाचं राहू शकतं. नंतर कोरड्या प्युमिसवर (हलका, छिद्राळ ज्वालामुखी दगड) किंवा परलाइटवर (पांढरे, हलके, फुगवलेले खनिज दाणे) नुसतं बसवा. मुळं फुटेपर्यंत पाणी नाही.

हातमोजे घाला. ॲगेव्हच्या रसात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मनगटावर रस उडाला की कातडी लाल होऊन खाज सुटते आणि ती काही तासांत जाणारी नसते.

आता तुमचं कोडं. 'काटक' हा शब्द रोपवाटिकेच्या पाटीवर वाचला की मला पुढचा प्रश्न पडतो, काटक कशाला? थंडीला, उन्हाला, की ओलीला? तिन्ही निराळ्या गोष्टी आहेत आणि एकीचा दुसरीशी फारसा संबंध नाही. पॅरी ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि उत्तर मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली. तिथे बर्फ पडतं, पण पाऊस तिलाही माहीत आहे. त्या मुलखात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात वळवासारख्या सरी येतात. फरक असा की सर तासभर धो-धो कोसळते, लगेच ऊन पडतं आणि संध्याकाळपर्यंत उतारावरचा दगडगोटा कोरडा होतो. म्हणजे ती पावसाला भ्यायलेली नाही. तुमच्याकडे सर थांबल्यावर वाळायला अवधी मिळत नाही, तिथे ती हरते.

म्हणून वर्षाला किती मिलिमीटर पाऊस, हा आकडा मी विचारतच नाही. ओल असते तेव्हा हवा किती गरम असते, ऊन किती मिळतं आणि दोन ओलींच्या मधे मुळं कोरडी होतात का, एवढं कळलं की जात निवडता येते.

दुसरी भानगड रात्रीची. ही झाडं पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात, तो आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं बंद करून उन्हाच्या जोरावर त्याची साखर करतात. रात्र गार असेल तर हे काम झकास चालतं. तुमच्या किनाऱ्यावर पावसाळी रात्र २६-२७ अंशांची, आणि दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं. झाडाची कमाई कमी आणि खर्च जास्त. अशा वेळी ते उजेड शोधत पानं लांबवतं. तुमच्या घायपातीचं नेमकं हेच झालंय. तिला आजार काही नाही. पावसाळ्यात तिला खत घालू नका, नत्राचं तर मुळीच नाही, नाहीतर आणखी लुळी पडेल.

तळाच्या खड्यांबद्दल. निचऱ्यासाठी खडे घालायचे, हे सगळेच सांगतात, पण बारीक मातीतलं पाणी भरड खड्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून ओथंबेपर्यंत ते खड्यांच्या डोक्यावर अडून राहतं. थर जितका जाड, तितका तो ओला पट्टा मुळांच्या जवळ येतो. त्यात कोकोपीट म्हणजे मुळं ओल्या मोज्यांत पाय घालून बसल्यासारखी. खडे काढा. कुंडीत वरपासून खालपर्यंत एकच भरड मिश्रण हवं. मी दोन-तृतीयांशाहून जास्त प्युमिस किंवा विटांचा चुरा घेतो, तीन ते आठ मिलिमीटरचा, धूळ चाळून आणि धुऊन, आणि उरलेल्यात माती. बारीक वाळू नको, ती पोकळ्या बुजवते.

आणखी एक, हे मात्र करून बघाच. कुंडीत झाड तिरकं लावा, १५-२० अंशांनी कललेलं. व्हिक्टोरिया तिच्या मुलखात चुनखडीच्या उतारांवर आणि कड्यांच्या खबदाडीत वाढते, सपाटीवर बसून आभाळाकडे तोंड करून नव्हे. तिरकी लावली की पानांच्या बेचक्यात पाणी साचत नाही आणि गाभा कुजत नाही. दिसायलाही मला तशीच जास्त आवडते.

पॅरीवर आहे तो करपा, बुरशीचा. गोलात गोल आणि मधे नारिंगी ठिपके ही त्याची खूण, नारिंगी दिसतं ते बीजाणूंचं पुंजकं. डागाळलेली पानं बुडापासून काढून कचऱ्यात टाका, कुंडीजवळ ठेवू नका. पावसाचे शिंतोडे एका झाडावरून दुसऱ्यावर उडाले की तो पसरतो. बुरशीनाशक फवारलंत तर नव्या पानांचा बचाव होईल, जुने डाग जाणार नाहीत.

नाद मात्र सोडू नका. ॲगेव्हच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या वाळवंटातल्या नाहीत. निशिगंधही आता वनस्पतिशास्त्रात ॲगेव्हमध्येच मोडतो! तोही मूळचा मेक्सिकोचाच आणि वाढीच्या दिवसांत त्याला चांगलं पाणी लागतं. किनाऱ्यासाठी माझी पसंती अंगुस्तिफोलिया, पांढऱ्या काठाची असली तर उत्तमच. तिच्या जोडीला डेस्मेटियाना, आणि तुमच्याकडे आहे ती ॲटेन्युएटा. सिसलाना तर उष्ण प्रदेशांत, किनाऱ्यालगतच्या भागांतही, धाग्यासाठी शेतांवर लावली गेली. फुरक्रियाची काळजीच करू नका, पण फुलोऱ्यावर तिची शेकडो पिल्लं धरतात आणि काही बेटांवर ती तण होऊन बसलीय, तेवढं ध्यानात ठेवून आवाराबाहेर फेकू नका.

---

बघ्या

एवढं कशाला, सगळ्या कुंड्या पत्र्याखाली सरकवा आणि चार महिने विसरून जा. माझे अलो, म्हणजे कोरफडीच्या जाती, तसेच राहतात.

---

काटेकोर

@बघ्या, अलो आफ्रिकेकडचा, ॲगेव्ह अमेरिकेतला. दिसायला सारखे, कुळं निराळी, आणि अलोच्या बऱ्याच जाती सावली चालवून घेतात. पत्र्याखाली चार महिने ठेवलेली व्हिक्टोरिया कुजणार नाही हे खरं, पण तिचा घट्ट चेंडू उमलून पसरट होईल आणि तो पुन्हा मिटत नाही. लांबलेलं पान आयुष्यभर लांबलेलंच राहतं. झाकायचंच तर पारदर्शक पॉलिकार्बोनेट, उन्हाने पिवळं न पडणारं, आणि चारही बाजू उघड्या. वारा हवा. वारा नसेल तर दोन्हीकडून नुकसान.

---

बर्फाळ_बाग

काटेकोर म्हणतात ते मला दुसऱ्या टोकावरून पटतं, म्हणून लिहितेय. आमच्याकडे हिवाळ्यात रात्री उणे दहा-बारा होतं आणि पाऊस पडतो तोही नेमका हिवाळ्यातच. उन्हाळा सौम्य. म्हणजे कुंडीवालींच्या बरोब्बर उलट, आणि तरी मरायचं कारण तेच, ओल.

माझ्या बागेत पॅरी जमिनीत आहे आणि छान आहे. ओव्हाटिफोलियाही आहे, रुंद, निळसर, वाडग्यासारख्या पानांची. ती उत्तर मेक्सिकोतल्या नुएव्हो लेओनच्या डोंगरांतली, शास्त्रीय वर्णन झालं २००२ मध्ये, म्हणजे बागांमध्ये तशी नवखीच. थंडी आणि ओल दोन्ही एकत्र सोसणाऱ्या मोजक्या जातींपैकी ती एक. उलट युटाहेन्सिस, जी ग्रँड कॅन्यनच्या परिसरात उणे वीसच्याही खाली तग धरते, ती मी जमिनीत लावायचं धाडस करत नाही. ती कुंडीत, वर्षभर छपराखाली. तिला थंडी चालते, भिजलेलं बूड चालत नाही.

जमीन अशी केलीय: विटांचे तुकडे, दगड आणि खडी यांचा गुडघ्याएवढा उंचवटा, दक्षिणेकडे उतरता, मागे भिंत. माती अगदी कमी. पानगळ सुरू झाली की पॅरीवर चार खुंटांवर पारदर्शक पत्रा, बाजू उघड्या, वसंतापर्यंत. गोणपाटात गुंडाळणं मला मान्य नाही. ओलं गोणपाट झाडाला चिकटून बसतं आणि आत उजेडही नाही.

रोपवाटिकेच्या पाटीवरच्या आकड्याबद्दल थोडं सविस्तर, कारण त्यावरूनच बरेच जण फसतात. 'उणे १५' लिहिलेलं असतं तेव्हा ते मोठ्या, मुळं धरलेल्या, कोरड्या झाडाबद्दल असतं आणि एखाद्या रात्रीपुरतं असतं. शरद ऋतूत रात्री हळूहळू गार होत जातात, पाणी कमी होतं, तेव्हा पानांतलं पाणी घटतं आणि पेशींतला रस दाट होतो. दाट रस उशिरा गोठतो. पानं किंचित आकसलेली, सुरकुतलेली दिसली की मला बरं वाटतं, झाड तयार झालं. याउलट पाण्याने टरारलेल्या झाडावर थंडी एकाएकी आली तर पाटीवरच्या आकड्याच्या कितीतरी वर असतानाच पेशी फुटतात.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात हेच झालं. सॅन अँटोनियो, ऑस्टिन या भागांत पारा सलग काही दिवस बहुतेक वेळ गोठणबिंदूच्या खाली राहिला, काही रात्री तर बराच खाली. वर्षानुवर्षं अंगणात उभ्या असलेल्या, माणसापेक्षा मोठ्या अमेरिकाना अक्षरशः लगदा होऊन बसल्या. त्याच भागात ओव्हाटिफोलिया आणि पॅरी बऱ्याच ठिकाणी सावरल्या. जुनं उदाहरण म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाजवळचं ट्रेस्को बेट. समुद्रामुळे तिथे सहसा हिम पडत नाही, म्हणून तिथल्या ॲबी गार्डनमध्ये उबदार देशांतली झाडं उघड्यावर वाढतात. जानेवारी १९८७ च्या एका थंडीच्या लाटेत बागेतली बहुतेक झाडं गेली. सौम्य हवेची सवय लागलेली झाडं अशा वेळी अजिबात तयार नसतात.

थंडीने मार बसला तर लगेच कापू नका. पान आधी काळपट-हिरवं आणि पाणीदार होतं, मग वाळून कागदासारखं होतं. मधला कोंब धरून हलकेच ओढा. घट्ट बसला असेल तर झाड जिवंत आहे, बाहेरची पानं गेली तरी. कोंब हातात आला तर खेळ संपला, मग पिल्लांची वाट बघायची.

युक्का फिलामेंटोसा मात्र कुणीही कुठेही लावावी. बर्फात गाडली गेली तरी वसंतात तशीच उभी. आणि फुलल्यावर सगळी मरत नाही, जुनं झुडूप बहुतेक दरवर्षी फुलतं. ॲगेव्हवाल्यांना हे सुख नाही.

---

उन्हाळकर

तुम्ही सगळे ओलीने गांजलेले, मी उन्हाने. उन्हाळ्यात ४५-४६ अंश, हवेत ओलावा नाही. 'वाळवंटी झाड आहे, ठेव उन्हात' हा सल्ला देणाऱ्याला माझ्या गच्चीवर मे महिन्यात दुपारी दोन वाजता उभं करायला हवं.

ॲटेन्युएटा इथे आठवड्यात पांढरी पडते. नैऋत्येकडच्या पानांवर आधी पिवळसर, मग पांढुरके चट्टे, ते भाजलेलं आहे, रोग नाही. व्हिक्टोरिया आणि पॅरी दुपारच्या सावलीत मस्त राहतात. सकाळचं ऊन हवं तेवढं द्या.

उन्हापेक्षा वाईट म्हणजे काळी प्लास्टिकची कुंडी. उन्हात तिच्या बाजूची माती इतकी तापते की हात लावून ठेवता येत नाही, आणि त्या बाजूची मुळं शिजतात. मग पाणी घातलं तरी झाड सुकलेलंच, कारण प्यायला मुळंच नाहीत. लोक आणखी पाणी घालतात आणि उरलेलीही सडतात. मी कुंडी दुसऱ्या मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवतो, मधे खडी. आणि पाणी संध्याकाळी. झाड रात्री उघडतं हे काटेकोरांनी सांगितलंच. भर उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा पोटभर पाणी मी घालतोच. ॲगेव्हला उन्हाळ्यात पाणी नको हा गैरसमज आहे.

रात्र गार नसेल तर काय होतं ते २०२३ च्या जुलैत अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या फीनिक्स शहरात दिसलं. सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर, आणि १९ जुलैला तर रात्रीचं किमान तापमानच ३६ च्या आसपास राहिलं. तिथले उंच सग्वारो निवडुंग कोलमडले, तेही वाळवंटातच जन्मलेले. तेव्हापासून मी दुपारच्या आकड्यापेक्षा पहाटेचा आकडा आधी बघतो.

आमच्या कोरड्या मुलखात एक गोष्ट सांभाळायची, भुंगा. सोंडवाला, काळा. तो बुडाशी पान पोखरून अंडी घालतो, त्याच्याबरोबर सडवणारे जिवाणू आत जातात, अळ्या गाभा खातात. वरून झाड ठणठणीत दिसतं आणि एका आठवड्यात पानं आडवी होऊन मधला कोंब तेवढा उभा राहतो. तसं दिसलं की झाड वाचत नाही. काढून, अळ्यांसकट पिशवीत बांधून टाकायचं, आणि त्या खड्ड्यात दुसरं ॲगेव्ह नको. मोठ्या, फुलायच्या वयाला आलेल्या झाडांवर त्याचा डोळा जास्त असतो.

---

कुंडीवाली

मंडळी, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार.

व्हिक्टोरिया काढली. बूड दाबून पाहिलं, एका बाजूला अंगठा आत गेला, बाकी टणक. चकत्या काढत गेले, तिसऱ्या-चौथ्या चकतीला पांढरं शुभ्र दिसलं आणि जीव भांड्यात पडला. बाहेरची बरीच पानं गेली, आता ती मुठीएवढी उरलीय. उलटी टांगलीय खिडकीत. वासासाठी घरच्यांची बोलणी खाल्ली. तळाचे खडे काढले तर मधला थर खरंच चिखल होता, आणि वरची माती तेवढी भुसभुशीत!

कापताना बुडालगत दोन पिल्लं मिळाली. एक सुपारीएवढं, दुसरं त्याहून लहान, अगदी पांढरट, अजून उजेड न पाहिलेलं. यांचं काय करू? आणि काटेकोर, एक भाबडा प्रश्न. घायपात माझ्याकडे फार वर्षं आहे. दमट हवेत, इतकी वाढतेय, तर ती लवकर फुलून मरेल का? तिच्यावर जीव आहे.

शिवाय तिला जमिनीत लावू का? खाली आवारात जागा आहे.

---

काटेकोर

छान काम केलंत. टांगलीत ते उत्तम, पण खिडकीतून पावसाची झड येत नाही ना, एवढं बघा.

सुपारीएवढ्या पिल्लाला मूळ आहे का? असेल तर दोन-तीन दिवस जखम वाळवून थेट परलाइटमध्ये लावा, उजेडात, ऊन न लागेल असं. नसेल तर मोठ्या झाडासारखंच, खपली धरेपर्यंत थांबा. धाकटं पांढरं आहे त्याला आईच्या अन्नाची सवय आहे, त्यात स्वतःचं हरितद्रव्य अजून धड तयार झालेलं नाही. पटकन उन्हात नेलंत तर करपेल. ते जगेलच असं नाही, तरी लावा. लावल्यावर दोघांनाही थोडी ओल चालते, मोठ्या झाडासारखं कोरडं ठेवू नका, लहान पिल्लाकडे साठाच नसतो.

घायपात कधी फुलेल ते वयापेक्षा तिच्या अंगात साठलेल्या साखरेवर ठरतं. उष्ण जागी, जमिनीत, दहा ते तीस वर्षांत फुलते. कुंडीत मुळं आवळली की लांबणीवर पडतं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात एक अमेरिकाना १९३४ मध्ये मेक्सिकोतून आणलेली, काचघरात वाढवलेली. ती फुलली २०१४ मध्ये. ऐंशी वर्षं! फुलदांडा इतका वाढला की छपराची एक काच काढावी लागली. मग ती मेली, पण मागे पिल्लं होतीच. तुमची पट्टेवाली तर साध्या हिरव्या घायपातीपेक्षा सावकाश वाढते, कारण पट्ट्यांचा पिवळा भाग फारशी कमाई करत नाही. तेव्हा कुंडीत ठेवलीत तर पुष्कळ वर्षं सोबत आहे.

म्हणूनच जमिनीत लावायची घाई करू नका. लावायचीच तर उतारावर, पाणी साचत नाही अशा जागी, आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब. ती दोन-दोन मीटर पसरते. लहान मुलं, कुत्री यांच्या डोळ्याच्या उंचीवर तिचे काटे येतात. टोकाचे काटे छाटता येतात, नखं कापायच्या कात्रीने फक्त काळा शेंडा, हिरव्याला धक्का न लावता. खाली पिल्लं फुटत राहतील ती दरवर्षी उपटा, मुळासकट, नाहीतर काही वर्षांत आत शिरायला वाट उरणार नाही. आणि पहिली दोन वर्षं पावसाळ्याआधी तिच्याभोवती पाला, कचरा जमू देऊ नका, बूड मोकळं हवं.

ब्रॅक्टिओसाचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. कशी आहे?

---

कुंडीवाली

अय्या, ती विसरलेच. पत्र्याच्या कडेला, सावलीत, काही होत नाही तिला. पानं पातळ आणि वळलेली, पण ती मुळातच तशी आहेत ना?

---

काटेकोर

हो, तशीच असतात. कड्यावरची आहे ती, सावली चालते, काटेही नाहीत. तिला हलवू नका. फक्त कुंडीतले खडे काढायचे तेवढे पाऊस थांबल्यावर काढा, आत्ता मुळं दुखवू नका.